आरोग्य आणि आचार : बंद झालेली गोळी

दिवाळी सरली की तुमसरच्या बाजारात नवे धान उतरू लागते. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा तांदळाचा पट्टा; भंडारा जिल्ह्यात गावोगावी राईस मिल, आणि जिथे मिल तिथे भरडाईचे तूस, कोंड्याची भुकटी, पोत्यांच्या थप्प्यांमधील कोंदट वास. आडतीच्या गादीवर वीस-पंचवीस वर्षे बसलेल्या माणसाला या दिवसांत सकाळी ओळीने दहा शिंका येणे, डोळे चुरचुरणे, नाक वाहणे किंवा अंगावर गांधी उठणे हे जवळजवळ धंद्याचाच भाग वाटू लागते. त्यावरची एक गोळी ठरलेली असते. ती कधी तरी, कोणी तरी लिहून दिलेली असते आणि पुढे नुसती पट्टी दाखवून आणली जाते. मग एके दिवशी औषधविक्रेता म्हणतो, “शेठजी, ही आता बंद झाली.” आणि त्याच रंगाची दुसरी पट्टी पुढे सरकवतो.

पोत्यातला मूठभर नमुना तळहातावर घेऊन दाणा पारखल्याशिवाय ज्या पेढीवर भाव बोलला जात नाही, त्याच पेढीवर ही दुसरी पट्टी न वाचता खिशात जाते. वास्तविक “बंद झाली” या दोन शब्दांत निरनिराळ्या तीन गोष्टी दडलेल्या असू शकतात. औषध घातक ठरले म्हणून शासनाने मनाई केलेली असते; किंवा घटक निर्दोष असले तरी त्यांचे मिश्रण निरर्थक ठरून ते मिश्रण तेवढे काढून टाकलेले असते; किंवा कंपनीला ते परवडेनासे झालेले असते, इतकेच. पर्याय कुठे शोधायचा हे यांपैकी कारण कोणते यावर ठरते.

पहिल्या प्रकारचे सर्वांत बोधक उदाहरण टर्फेनाडिनचे. अ‍ॅलर्जीची जुनी औषधे गुण देत, पण झोप आणत. 1985 मध्ये अमेरिकेत टर्फेनाडिनला मान्यता मिळाली तेव्हा झोप न आणणारी गोळी म्हणून तिचे मोठे स्वागत झाले. गाडी चालविणारा, हिशेब लिहिणारा, यंत्रावर उभा राहणारा अशा सर्वांना ती वरदानच वाटली. तिच्या पाठोपाठ अ‍ॅस्टेमिझोल आले. त्याचा परिणाम गोळी थांबविल्यावरही कित्येक दिवस अंगात राही, त्यामुळे लोकांना ते अधिकच आवडले. दोन्ही भारतात आली, रुळली, घराघरांत पोहोचली.

1990 मध्ये अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एका 39 वर्षांच्या स्त्रीची हकिगत प्रसिद्ध झाली. ती टर्फेनाडिन घेत होती आणि त्याच सुमारास बुरशीच्या संसर्गावरचे केटोकोनॅझोलही घेत होती. तिला वारंवार भोवळ येऊ लागली. तपासणीत हृदयाचा ठोका धोकादायक रीतीने बिघडलेला दिसला. पुढे त्यामागची यंत्रणा उलगडली. पोटात गेलेले टर्फेनाडिन यकृतात जवळजवळ संपूर्णपणे एका वेगळ्याच द्रव्यात रूपांतरित होते, आणि अ‍ॅलर्जीवर खरे काम करते ते हे द्रव्य. मूळ टर्फेनाडिन हृदयाच्या विद्युत्-लयीत ढवळाढवळ करणारे. पण ते रक्तात फारसे उरतच नाही, म्हणून निभावून जाते. केटोकोनॅझोल किंवा एरिथ्रोमायसिन यांसारखे औषध जोडीला आले की रूपांतराची ती वाट अडते, मूळ द्रव्य साचते आणि हृदयाची लय चुकते. पपनसाच्या कुळातील ग्रेपफ्रूटचा रससुद्धा ही वाट अडवतो असे आढळले. म्हणजे गोळी तीच, मात्रा तीच, माणूस तोच. घातक ठरली ती शेजारची दुसरी गोळी.

या घटनेतच पर्याय लपलेला होता. शरीर जे द्रव्य स्वतः बनवत होते तेच बाहेर तयार करून दिले तर मूळ घातक द्रव्य पोटात घालण्याचे कारणच उरत नाही. ते द्रव्य म्हणजे फेक्सोफेनाडिन. जुलै 1996 मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि फेब्रुवारी 1998 पर्यंत टर्फेनाडिन तिथल्या बाजारातून गेले. अ‍ॅस्टेमिझोल 1999 मध्ये गेले. भारतात या दोन्ही औषधांवर मनाई झाली ती 2003 मध्ये. मधली चार-पाच वर्षे इकडचा ग्राहक पट्टी दाखवून तीच गोळी मागत राहिला, हे विसरता येण्याजोगे नाही.

हाच धागा इतरत्रही दिसतो. खाजेवर दिले जाणारे आणि भरपूर झोप आणणारे जुने हायड्रॉक्झिझिन शरीरात जे रूप घेते ते सेटिरिझिन. सेटिरिझिनच्या दोन आरशासारख्या रूपांपैकी कामाचे तेवढे वेगळे काढले, ते लेव्होसेटिरिझिन. लोराटाडिनचे शरीरातील रूप म्हणजे डेस्लोराटाडिन. जवळच्या नात्यातला पर्याय शोधायचा तर डॉक्टरांपुढे ही वंशावळ असते. गोळीचा रंग आणि पट्टीचे चित्र यांना तिच्यात स्थान नाही.

दुसरा प्रकार मिश्रणांचा, आणि अलीकडे “बंद झाली” हे उत्तर बहुतेक वेळा याच कारणाने मिळते. सर्दी-शिंकांवर आपल्याकडे तीन-तीन, चार-चार घटक एका गोळीत कोंबण्याची मोठी हौस. मार्च 2016 मध्ये केंद्र शासनाने अशा 344 मिश्रणांवर एकदम मनाई केली. प्रकरण न्यायालयात गेले. डिसेंबर 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई रद्द केली, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ मंडळाकडून फेरतपासणी करविली आणि सप्टेंबर 2018 मध्ये 328 मिश्रणांवर नव्याने बंदी आली. त्यानंतर ऑगस्ट 2024 च्या अधिसूचनेने आणखी 156 मिश्रणे बंद केली. सेटिरिझिन, पॅरासिटामॉल आणि फिनाइलेफ्रिन. किंवा लेव्होसेटिरिझिन, फिनाइलेफ्रिन आणि पॅरासिटामॉल, अशी अनेकांच्या डब्यातील ओळखीची त्रिकुटे त्या यादीत आहेत.

इथे घाबरण्याचे कारण नाही, कारण सेटिरिझिन वाईट ठरलेले नाही आणि पॅरासिटामॉलही नाही. ज्याला केवळ शिंका येतात त्याला तापाचे औषध रोज कशासाठी, हा साधा प्रश्न आहे. फिनाइलेफ्रिन नाक मोकळे करते म्हणून घातले जाई. परंतु तोंडाने घेतल्यास ते या कामी निरुपयोगी असल्याचा निर्वाळा 2023 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने एकमताने दिला. त्यातून रक्तदाब असलेल्या माणसाला ते नकोच. अशी त्रिकुटी गोळी बंद झाली असेल तर बहुधा तिच्यातील एकच घटक खऱ्या कामाचा होता, आणि तो सुटा, स्वस्तात, आजही मिळतो. जुनी पट्टी फेकून देण्याआधी तिच्यामागची घटकांची ओळ डॉक्टरांना दाखविली की दोन मिनिटांत उलगडा होतो.

तिसरा प्रकार निव्वळ व्यापाराचा. व्यापारी घरांना तो समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या मालात सुटत नाही तो माल कोणी ठेवत नाही. तरीही औषधाच्या बाबतीत एक बंधन आहे. 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार, किंमत नियंत्रणाखालील अत्यावश्यक औषध बंद करावयाचे असेल तर कंपनीने निदान सहा महिने आधी शासनाला कळवून जाहीर सूचना द्यावी लागते, आणि लोकहितासाठी शासन तिला आणखी एक वर्षापर्यंत उत्पादन चालू ठेवण्यास सांगू शकते. सेटिरिझिनची साधी गोळी अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. यादीबाहेरच्या मिश्रणांना हे संरक्षण नाही; ती एका हंगामात नाहीशी झाली तर विचारणार कोणाला? अशा वेळी नागपूरच्या दवाबाजारात माणूस धाडून उरलासुरला साठा भरून ठेवण्याची धडपड अनेक घरांत होते. कंपनीचे नाव बाजूला ठेवून घटकाचे नाव विचारले तर तेच औषध दहा नावांनी भंडाऱ्यातच मिळते. जनऔषधी केंद्रात तर पुष्कळच कमी दरात. 2018 पासून एक-दोन घटकांच्या औषधांवर मूळ घटकाचे नाव व्यापारी नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापणे बंधनकारक आहे. वाचणाऱ्यासाठी सोय झालेली आहे.

खरा धोका पर्याय न मिळण्यात फारसा नाही. चुकीचा पर्याय फार लवकर मिळतो, त्यात तो आहे.

सर्वांत सहज हाती येते ते क्लोरफेनिरामिन किंवा फेनिरामिन असलेले जुन्या पिढीचे औषध. ते स्वस्त आहे, गुणही देते. परंतु घरातील सत्तरीच्या आजोबांना ते दिले तर लघवी अडणे, तोंड कोरडे पडणे, रात्री उठताना तोल जाणे, क्वचित भ्रम होणे असे प्रकार घडू शकतात. प्रोस्टेटची वाढ किंवा काचबिंदू असलेल्यांना तर ते विशेष त्रासदायक. पडून खुब्याचे हाड मोडल्यावर त्या पडण्याचा संबंध शिंकांच्या गोळीशी कोणी लावत नाही.

दुसरा पर्याय अधिक फसवा. “ही घ्या, एका दिवसात आराम” म्हणून जी गोळी दिली जाते तिच्यात पुष्कळदा बीटामेथासोनसारखे स्टेरॉइड असते. आराम खरोखरच पडतो, म्हणून ती पुन्हा मागितली जाते. मधुमेह असलेल्या माणसाची साखर चढते, रक्तदाब वाढतो. महिनोन्‌महिने घेतल्यास हाडे ठिसूळ होतात आणि शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनविण्याची शक्ती मंदावते. मग ती एकाएकी थांबविणेही धोक्याचे होऊन बसते. ज्या पर्यायाने फारच झटपट गुण आला त्याची घटकांची ओळ दोनदा वाचलेली बरी.

लेव्होसेटिरिझिन आणि मॉन्टेलुकास्ट ही जोडी सध्या फार चालते. दम्याच्या रुग्णाला मॉन्टेलुकास्टचा उपयोग असतो. परंतु केवळ नाकाच्या अ‍ॅलर्जीसाठी, दुसरे उपाय जमत असताना, ते टाळावे अशी ठळक सूचना अमेरिकी प्रशासनाने मार्च 2020 मध्ये दिली, कारण काही जणांत भयस्वप्ने, चिडचिड, नैराश्य, आत्मघाताचे विचारही आढळले. मुलगा परीक्षेच्या ताणाने बदलला असे घर समजत राहते आणि गोळीकडे कोणाचे लक्ष जात नाही.

गोळी अचानक सुटली की घडणारी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन महिनोन्‌महिने रोज घेणाऱ्याने ती एकदम बंद केली तर काहींना दोन-चार दिवसांत सर्वांगाला तीव्र खाज सुटते. ज्यांना मुळात खाजेचा विकार नव्हता, केवळ शिंकांसाठी जे गोळी घेत होते, त्यांनाही. मे 2025 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने याविषयी इशारा दिला; तोपर्यंत त्यांच्याकडे अशा 209 घटनांची नोंद झालेली होती. कोट्यवधी लोक ही औषधे घेतात, त्या मानाने हे प्रमाण अत्यल्पच. पण ज्याला खाज सुटते त्याची झोप उडते. तो नवी गोळीच सोसली नाही असे म्हणतो, घरचे वांगे-टोमॅटोला दोष देतात, कोणी रक्ताच्या महागड्या अ‍ॅलर्जी-चाचण्या करून येतो. कारण मात्र जुन्या गोळीच्या अचानक जाण्यात असते. पट्टी संपण्याआधी डॉक्टरांना गाठले तर मात्रा हळूहळू कमी करता येते.

आता आचाराकडे. सेटिरिझिन आणि लेव्होसेटिरिझिन झोप आणतात म्हणून बहुतेक चिठ्ठ्यांवर “रात्री झोपताना” असे लिहिलेले असते. चौविहार करणाऱ्या श्रावक-श्राविकांपुढे इथेच अडचण उभी राहते. सूर्यास्तानंतर अशन, पान, खादिम आणि स्वादिम या चारही आहारांचा त्याग. मग घोटभर पाण्याने गोळी तरी कशी घ्यावी? पुष्कळ जण डॉक्टरांना हे सांगतच नाहीत. काही जण व्रत पाळून गोळी सोडतात आणि रात्रभर बसून काढतात. काही जण गोळी घेतात आणि मनात सल बाळगतात. दोन्हींची आवश्यकता नसते, कारण ही औषधे चोवीस तास काम करतात. वेळ हलविता येते.

मात्र हलविताना पंचांगाबरोबर घड्याळही पाहावे लागते. भंडाऱ्यात जूनमध्ये सूर्य सातच्या थोडे आधी मावळतो, डिसेंबरच्या आरंभी साडेपाचच्या सुमारास. धानाचा हंगाम, म्हणजे धूळ आणि शिंकांचा ऐन काळ, नेमका याच लहान दिवसांचा. सव्वापाचला पाणी वापरून घेताना जो लेव्होसेटिरिझिन घेईल त्याला सहा-साडेसहापासून पेंग येऊ लागेल. आणि दुकान तर आठ-साडेआठला वाढवायचे, वसुलीचा हिशेब लावायचा, मग साकोली-लाखनीहून महामार्गावर ट्रकांच्या दिव्यांतून दुचाकीने घरी परतायचे. चौविहार करणाऱ्या दुकानदाराला सायंकाळी झोप आणणारी गोळी देणे म्हणजे ती बाहेरगावी पोहोचण्याआधी वाटेतच उतरविण्यासारखे आहे. त्याच्यासाठी फेक्सोफेनाडिनसारखी, झोप जवळपास न आणणारी आणि सकाळी नवकारशीनंतर घेता येणारी गोळी अधिक सोयीची. घरी लवकर निजणाऱ्या आजींना मात्र सूर्यास्तापूर्वीची सेटिरिझिनची गोळी चालू शकते, मूत्रपिंड ठीक असेल तर. ते क्षीण असल्यास सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन या तिन्हींची मात्रा कमी करावी लागते; म्हणून पर्युषणात अठ्ठाई किंवा त्याहून दीर्घ तप करणाऱ्यांनी पच्चक्खाण घेण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोललेले चांगले.

फेक्सोफेनाडिनची एक खोड विदर्भातील घरांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. संत्र्याच्या, सफरचंदाच्या किंवा ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर घेतल्यास ते आतड्यातून नीट शोषलेच जात नाही. आणि नागपुरी संत्र्यांचा आंबिया बहार बाजारात येतो तो नेमका धानाच्याच दिवसांत. नवकारशीला संत्र्याचा रस आणि त्याबरोबर गोळी असा क्रम ठेवला तर गोळी वाया जाते, आणि “हे नवे औषध लागू पडत नाही” असा निष्कर्ष निघतो. ती साध्या पाण्याने घ्यावी आणि रसाला काही तासांचे अंतर द्यावे. आम्लपित्तावरच्या अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमयुक्त पातळ औषधाबाबतही तेच.

असह्य त्रासात व्रताचे काय, हा प्रश्न डॉक्टरांचा नव्हे. पच्चक्खाणातील आगारांमध्ये चित्ताची समाधी टिकविण्यासाठीचाही आगार आहे, हे श्रावकांना ठाऊक असते. त्याचा उपयोग केव्हा करावा हे गुरुमहाराजांना विचारूनच ठरावे. परंतु ओठ सुजले, घसा आवळला, श्वास अडू लागला तर ती शिंकांची अ‍ॅलर्जी राहत नाही. तिथे कोणतीही गोळी पुरत नाही, अ‍ॅड्रिनलिनचे इंजेक्शन लागते, आणि ते रुग्णालयातच. ते पोटात घ्यायचे नसते, हेही घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे त्या घटकेला वाद होत नाही.

कवचाचा प्रश्नही वारंवार निघतो. बहुतेक कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असते आणि जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांतून निघते. 2016 च्या सुमारास केंद्र शासनाने वनस्पतिज कवच सक्तीचे करण्याचा विचार चालविला होता, पण जिलेटिन आजही सर्रास चालते आणि खाद्यपदार्थांवर असतो तसा हिरवा ठिपका औषधावर सक्तीचा नाही. अ‍ॅलर्जीच्या बाबतीत सुदैव असे की यातील बहुतेक औषधे साध्या गोळीत किंवा पातळ स्वरूपात मिळतात. बदली म्हणून कोणी मऊ कॅप्सूल पुढे केली तर तेच औषध गोळीत मागावे. गोळीतही मॅग्नेशियम स्टिअरेटसारखा साहाय्यक घटक वनस्पतिज किंवा प्राणिज असू शकतो. ज्यांना तेवढी सूक्ष्म दक्षता पाळायची आहे त्यांनी कंपनीकडे लेखी विचारणा करावी. पट्टीवरून ते कळत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत मोठ्यांची पट्टी अर्धी मोडून देणे, किंवा शेजारच्या मुलाची बाटली आणणे, हे दोन्ही टाळावे. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापण्याचा आदेश डिसेंबर 2023 मध्येच निघाला. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातील मुले नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली, वीसहून अधिक दगावली. त्या खोकल्याच्या औषधात विषारी डायएथिलिन ग्लायकॉल निघाले. छिंदवाडा भंडाऱ्यापासून फार लांब नाही.

नाकाचाच त्रास मुख्य असेल तर सर्वांत गुणकारी पर्याय पुष्कळदा गोळीत नसतोच. मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोनचा नाकात मारायचा फवारा रोज नियमाने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतला तर तो बंद नाकावर गोळीहून सरस ठरतो. हेही स्टेरॉइडच, पण मात्रा अल्प, काम जागच्या जागी. त्याचा पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि लोक तिसऱ्या दिवशी बाटली ठेवून देतात. हंगामाच्या पंधरा दिवस आधी, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास, तो सुरू केला तर धानाच्या गाड्या लागतात तोवर नाक तयार झालेले असते. भरडाईच्या वेळी तोंडाला उपरणे गुंडाळून भागत नाही, बारीक भुकटी कापडातून आत जाते. एन-95 मुखवटा लागतो. घरी आल्यावर कपडे बाहेर झटकून काढावेत आणि कोमट मिठाच्या पाण्याने नाक धुवावे, तेही पाणी उकळून गार केलेले. उकळलेले पाणी या घरांत बहुधा तयारच असते.